अशील आणि त्याचा कागद : पुणे सार्वजनिक सभेपासून पवना खोऱ्यापर्यंत

कामशेतहून दक्षिणेकडे जाणारी वाट पवना खोऱ्यात उतरते, तेथे धरणालगत पवनानगर ही वसाहत आहे. लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना ह्या किल्ल्यांच्या मधल्या ह्या प्रदेशात विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात जमिनी संपादन झाल्या व आठव्याच्या आरंभी पाणी अडले. येथील कित्येक कुटुंबांचा कायद्याशी पहिला संबंध आला तो भूसंपादनाच्या नोटिशीच्या रूपाने. अशा ठिकाणच्या एखाद्या लहानशा वकिली कचेरीने आपल्या अशिलांसाठी नियमित माहितीपत्र काढावयाचे ठरविले, तर ते कोणत्या भाषेत असावे, त्यात काय छापावे आणि ते कोणाकोणास पाठवावे, हे प्रश्न वरकरणी वकिली धंद्याच्या सोयीचे वाटतात. प्रस्तुत लेखकाच्या मते ते इतिहासाचे प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरे शोधावयाची झाल्यास पुण्याच्या सार्वजनिक जीवनाच्या आरंभकाळापर्यंत मागे जावे लागते.

वकील आपल्या अशिलाच्या वतीने न्यायालयास लिहितो, सरकारास लिहितो, प्रतिपक्षास लिहितो. अशिलास मात्र तो क्वचितच लिहितो. अशिलाकडून त्याला कागद हवा असतो, आणि तो म्हणजे वकीलपत्र. ते सही होऊन हाती आले की कागदांचा सारा प्रवाह वरच्या दिशेने वाहू लागतो. ज्याच्या नावाने हे सर्व चालते, त्याच्या हाती फार तर पुढील तारखेची चिठ्ठी पडते. हा एकमुखी व्यवहार केवळ व्यक्तिगत वकिलीत आढळतो असे नाही. ज्या संस्थेने स्वतःस लोकांचा वकील म्हणवून घेतले, तिच्याही इतिहासात तो स्पष्ट उमटलेला आहे, आणि तिने ही दिशा बदलण्याचा यत्न केला तेव्हा काय घडले, हे पाहणे उद्‌बोधक ठरेल.

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. ‘वकील’ आणि ‘अशील’ हे दोन्ही शब्द आपल्याकडे अरबीतून, फारसीच्या द्वारे आले. ‘अशील’ ह्या शब्दाच्या मुळाशी ‘अस्ल’, म्हणजे मूळ, हा धातू आहे. अशील म्हणजे मूळ मनुष्य, आणि वकील म्हणजे त्याने आपल्या जागी उभा केलेला प्रतिनिधी. कालांतराने व्यवहारात हे नाते उलटे झाले. वकील हा जाणता आणि अशील हा अजाण, असे धरून चालण्याची सवय उभयतांस लागली. भाषेने जपून ठेवलेला मूळ अर्थ पुढील विवेचनात ध्यानी ठेवावा, एवढीच विनंती.

मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या काळी, १८२७ मध्ये, जे नियम झाले त्यांतील दुसऱ्या रेग्युलेशनाने कंपनीच्या दिवाणी न्यायालयांतील वकिलांचा वर्ग कायद्याने बांधून दिला. सनद घेऊन काम करणारे हे वकील जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी बसू लागले. १८६२ मध्ये मुंबईस उच्च न्यायालय स्थापन झाले, तेथे कारभाराची भाषा इंग्रजी राहिली. खालच्या न्यायालयांत मराठीचा वापर चालू होता. ह्या दोन भाषांमधील जिना चढणे-उतरणे हेच पुढे वकिलाचे मोठे कौशल्य ठरले. धंद्याची नियतकालिकेही यथाकाल निघाली. १८७५ च्या कायद्यानुसार १८७६ पासून उच्च न्यायालयांच्या निर्णयांची अधिकृत मालिका छापली जाऊ लागली, आणि १८९९ मध्ये मुंबईस रतनलाल व धीरजलाल ह्या द्वयाने ‘बाँबे लॉ रिपोर्टर’ सुरू केला. ही सर्व प्रकाशने वकिलांसाठी आणि न्यायाधीशांसाठी होती. आपल्या दाव्याचे पुढे काय होणार, हे जाणू इच्छिणाऱ्या कुणब्यासाठी त्यांत एक ओळही नव्हती. आणि असावी अशी कोणाची अपेक्षाही नव्हती.

ह्या पार्श्वभूमीवर २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेकडे पाहिले पाहिजे. सभेचा इतिहास सांगताना तिची अर्जविनंत्यांची पद्धती, तिचे नेमस्तपण आणि पुढे राष्ट्रीय सभेस तिने करून दिलेली वाट, ह्यांवरच बहुधा भर दिला जातो. तिच्या घटनेचे कायदेशीर स्वरूप त्या मानाने दुर्लक्षित राहिले आहे. पर्वती संस्थानाच्या पंचांच्या कारभाराविषयी पुण्यात असंतोष होता, आणि ती तक्रार मांडणारांस ती मांडण्याचा अधिकार कोणी दिला, हा प्रश्न त्यातून उभा राहणे क्रमप्राप्त होते. उत्तर शोधणारे गणेश वासुदेव जोशी हे स्वतः वकील होते, आणि त्यांनी दिलेले उत्तर अस्सल वकिली होते. ज्याला सभेचा सभासद व्हावयाचे असेल, त्याने निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुख्त्यारपत्र आणावे, असा नियम झाला. आरंभी ९५ सभासद होते व त्यांनी सुमारे ६,००० लोकांची मुख्त्यारपत्रे आणली होती. औंधचे श्रीनिवासराव परशुराम पंतप्रतिनिधी हे सभेचे पहिले अध्यक्ष.

ह्या योजनेचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. मतदानाचा हक्क ज्या देशात कोणासच नव्हता, तेथे प्रतिनिधित्वाची कल्पना खाजगी कायद्यातील एका परिचित कागदावर उभारली गेली. जमिनीचा दावा चालविण्यासाठी जसे मुख्त्यारपत्र द्यावयाचे, तसेच सार्वजनिक गाऱ्हाणे मांडण्यासाठी द्यावयाचे. सरकारी अधिकाऱ्यास ही भाषा समजत होती आणि सही किंवा निशाणी करणाऱ्यासही ती समजत होती. जोशी ‘सार्वजनिक काका’ ह्या नावाने ओळखले जाऊ लागले, ते उगीच नव्हे. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके ह्यांच्यावर खटला भरला गेला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र घेण्यास पुढे आलेले हेच गृहस्थ होते. ते पत्र स्वीकारणे त्या दिवसांत किती जोखमीचे होते, हे वेगळे सांगावयास नको.

परंतु मुख्त्यारपत्र देणाराने एकदा सही केली की त्याचे पुढे काय? सभेच्या कार्याची पाहणी केली असता असे आढळते की माहिती खेड्यांतून पुण्याकडे आणि पुण्याहून सरकारकडे जात असे. १८७२ मध्ये सभेने शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी उपसमिती नेमली. १८७६-७७ च्या दुष्काळात तिने जिल्ह्याजिल्ह्यांतून माणसे पाठवून वृत्तान्त गोळा केले व ते सरकारपुढे ठेवले. हे काम मोलाचे होते. त्या काळातील सरकारी अहवालांना तोलून धरणारे दुसरे साधन अभ्यासकापाशी फारसे नाही. तरीही ही चौकशी लोकांविषयी होती, लोकांस उद्देशून नव्हती, हा भेद नोंदविलाच पाहिजे.

१८७८ मध्ये सभेने त्रैमासिक सुरू केले, ते इंग्रजीत. त्यामागील प्रेरणा महादेव गोविंद रानडे ह्यांची होती. १८७१ पासून पुण्यास न्यायाधीश असलेल्या रानड्यांची त्या वर्षाच्या आरंभी नाशिकला बदली झाली होती, पण अंकांतील लेखनाचा मोठा वाटा त्यांनीच उचलला. पुढे गोपाळ कृष्ण गोखले ह्यांच्याकडे संपादन आले. शेतीच्या कर्जाचा प्रश्न, जमिनीविषयक कायद्यांची सुधारणा, शेतकी पेढ्या, रशियातील भूदासांची मुक्तता, प्रशियातील जमीनविषयक कायदे व त्यांच्या प्रकाशात बंगालचे कूळविधेयक, अशा विषयांवरील रानड्यांचे निबंध ह्या पानांतून प्रसिद्ध झाले. भारतीय अर्थशास्त्राच्या अभ्यासाची ही पायाभरणी होय, ह्याविषयी दुमत नाही.

असे असूनही एक गोष्ट मनास खटकते. ज्या सहा हजारांनी सभेस आपले मुख्त्यार नेमले, त्यांपैकी ते त्रैमासिक वाचू शकणारे कितीसे असतील? रशियातील भूदासाच्या मुक्ततेची हकीकत सभेच्या वकिलाने मुंबईच्या सेक्रेटरीएटास आणि लंडनमधील मित्रांस कळविली. मावळातील कुळास ती कळविण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. सभेच्या कामाच्या बातम्या ‘ज्ञानप्रकाशा’सारख्या पत्रांतून मराठीत येत असत, हे मान्य केले पाहिजे, आणि १८८१ नंतर ‘केसरी’ही होता. पण सभेचे स्वतःचे मुखपत्र अशिलासाठी नव्हते, ते न्यायासनासाठी होते. जो वकील लेखी युक्तिवाद दाखल करतो, त्यास त्याची भाषा अशिलाच्या भाषेहून निराळी आहे असा दोष कोणी देत नाही. रानड्यांच्या बाजूने हेच सांगता येईल, आणि ते पुष्कळ अंशी खरेही आहे. समोरच्या पक्षाचे मन वळविणे हे उद्दिष्ट असेल, तर समोरच्या पक्षाचीच भाषा वापरली पाहिजे. दोष इंग्रजीचा नव्हता. दुसरा कागद निघाला नाही, ही उणीव होती.

ती उणीव किती महाग पडत होती, हे १८७५ च्या दंग्यांनी दाखवून दिले होते. त्या वर्षी १२ मे रोजी सुपे येथे सावकारांच्या घरांवर जमाव चालून गेला, त्याचा मुख्य रोख कागदांवर होता: कर्जखते, गहाणखते, हुकूमनामे. लोकांनी ते हिसकावून जाळले. जो कागद आपल्या नावे आहे पण ज्यात काय लिहिले आहे हे आपणास ठाऊक नाही, त्याच्याशी व्यवहार करण्याची ही एक रीत झाली. सरकारने १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर ह्या जिल्ह्यांत तो लागू झाला, आणि त्याने न्यायालयांस दस्तऐवजाच्या पाठीमागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. शेतकऱ्याचे खत ग्रामनिबंधकासमक्ष लिहिले जावे, दाव्यापूर्वी सलोखा करणाऱ्यांकडे जावे, अशी व्यवस्था केली. लहान रकमेच्या दाव्यांत वकिलांस उभे राहण्यास ह्या कायद्याने मज्जाव केला, ही बाब विशेष लक्षणीय आहे. अशील अजाण आहे हे सरकारने ओळखले, पण त्यावरचा उपाय म्हणून त्याच्या आणि न्यायाधीशाच्या मधून वकिलास दूर केले. अशिलास जाणते करण्याचा मार्ग सरकारने पत्करला नाही. जोशी-रानडे ह्यांनी त्यापूर्वीच पुण्यात लवाद न्यायालयांचा प्रयोग केला होता. त्याच्या यशापयशाची चर्चा येथे अप्रस्तुत आहे.

दुसरा कागद निघावयास १८९६ उजाडले. त्या आधीच्या वर्षी सभेची सूत्रे टिळकांच्या अनुयायांच्या हाती गेली होती, आणि १८९६ मध्ये रानडे-गोखले पक्षाने ‘डेक्कन सभा’ ही वेगळी संस्था काढली. ह्या फुटीकडे व्यक्तिद्वेषाच्या किंवा जहाल-मवाळ वादाच्या दृष्टीने पाहण्याचा प्रघात आहे. आपल्या विषयाच्या संदर्भात तिचा एक निराळाच परिणाम दिसतो. त्याच वर्षी पाऊस गेला आणि दुष्काळ पडला. १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशींनंतर निरनिराळ्या प्रांतांसाठी दुष्काळसंहिता तयार झाल्या होत्या, त्यात मुंबई इलाख्याचीही होती. कामे केव्हा काढावी, मजुरी काय द्यावी, सारावसुली केव्हा तहकूब करावी, ह्याचे नियम त्यात होते. पण संहिता इंग्रजीत आणि अधिकाऱ्यांच्या कपाटात. टिळक स्वतः कायद्याचे पदवीधर होते आणि पुण्यात त्यांनी कायद्याचा वर्ग चालविला होता. नियम आहे, पण ज्याच्यासाठी तो आहे त्यास तो ठाऊक नाही, ह्या स्थितीचा अर्थ त्यांस कळावयास उशीर लागला नाही. संहितेतील तरतुदींचा सारांश मराठीत करून सभेने पत्रके वाटली, ‘केसरी’ने त्या तरतुदी पुनःपुन्हा समजावून सांगितल्या, आणि सभेचे प्रतिनिधी गावोगाव जाऊन त्या वाचून दाखवू लागले.

ह्या पत्रकांत बंडाची भाषा नव्हती. ज्याला देता येईल त्याने सारा द्यावा. ज्याचे पीक बुडाले त्याने सारा भरण्यासाठी कर्ज काढू नये वा गुरेढोरे विकू नयेत, तर नियमाप्रमाणे तहकुबी मागावी, असा त्यांचा आशय होता. वकील आपल्या अशिलास कचेरीत बसवून जे सांगेल, तेच येथे छापून सांगितले होते. फरक एवढाच की अशिलांची संख्या हजारांत होती. वादाचा मुद्दा असा होता की, तहकुबी किंवा सूट ही सरकारची मेहेरबानी आहे की रयतेचा हक्क? सरकार ती मेहेरबानी मानत होते. मेहेरबानीचे नियम ज्याच्यावर ती करावयाची त्याने पाठ करावेत, हे मेहेरबानी करणाऱ्यास रुचत नाही. ठाणे जिल्ह्यात उंबरगाव येथे सभेचे प्रतिनिधी प्रा. अच्युत सीताराम साठे ह्यांच्यावर खटला भरण्यात आला, आणि १८९७ च्या मार्चमध्ये, सार्वजनिक प्रश्नांवर सरकारास निवेदने सादर करणारी संस्था म्हणून सभेस असलेली मान्यता सरकारने काढून घेतली.

येथे क्षणभर थांबावयास हवे. सभा सत्तावीस वर्षे सरकारास लिहीत होती. तिचे लेखन कधी कधी अतिशय तिखट होते. साऱ्याच्या दरांवर, जंगलखात्यावर, लष्करी खर्चावर तिने टीका केली होती. तेवढ्याने तिची मान्यता गेली नाही. ती गेली तेव्हा तिने सरकारवर नवी टीका केली होती असे नव्हे. सरकारचेच नियम मराठीत छापले होते. नेतृत्व बदलले होते, टिळकांविषयी सरकारचा संशय वाढत होता, प्लेगची साथ आली होती, ही सर्व कारणे नाकारण्याचे प्रयोजन नाही. तथापि वकिलाने न्यायासनाकडून तोंड वळवून अशिलाकडे केले, तेव्हाच तो असह्य झाला, हा क्रम केवळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. इंग्रजी त्रैमासिकाच्या वाट्याला आदर आला, मराठी पत्रकाच्या वाट्याला फौजदारी कोर्ट.

आता पुन्हा मावळाकडे. येथील नद्यांचे पाणी अडविण्याचा इतिहास पवना धरणाच्या पुष्कळ आधी सुरू होतो. टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी लोणावळ्याजवळ वळवण व शिरवता ही धरणे झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीचे वीजगृह चालू झाले. त्यानंतर आंध्रा खोऱ्यात ठोकरवाडीचे धरण झाले, आणि दक्षिणेस मुळशीचे काम सुरू झाले. जमिनी घेण्याचे साधन एकच, १८९४ चा भूसंपादन कायदा. खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यावयाची तर सरकार आणि कंपनी ह्यांच्यात करार व्हावा आणि तो राजपत्रात छापला जावा, असे त्या कायद्याचे सातवे प्रकरण सांगत असे. ज्याची जमीन जावयाची तो ह्या करारात कोठेच नव्हता.

मुळशीचा सत्याग्रह १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस सुरू झाला. सेनापती बापट हे त्याचे नेते झाले. ह्या लढ्याचा इतिहास सुपरिचित असल्याने त्याचा येथे विस्तार करीत नाही. न. चिं. केळकर, ल. ब. भोपटकर असे कायदा शिकलेले पुढारी त्याच्याशी संबंधित होते. पण दिवंगत प्रा. राजेन्द्र व्होरा ह्यांनी आपल्या अभ्यासात दाखवून दिल्याप्रमाणे, मुळशीच्या जमिनींवर पुण्यातील सावकारांचे हक्क मोठ्या प्रमाणात होते, आणि मोबदला स्वीकारून मोकळे होण्याकडे त्यांचा कल होता. कसणारा मावळा आणि खातेदार सावकार ह्यांचे हित एक नव्हते. ‘बाधित इसम’ ह्या एकाच कायदेशीर नावाखाली दोघेही येत; नोटीस ज्याच्या नावे निघे तो पुण्यात होता, आणि ज्याचे घर बुडावयाचे तो खोऱ्यात. अशिलास कागद पाठवावा म्हटले, तर अशील कोण हेच आधी ठरवावे लागते, ही अडचण मुळशीने प्रथम स्पष्ट केली. सार्वजनिक सभेच्या मुख्त्यारपत्रांनाही ती लागू होतीच, परंतु सभेने तिचा विचार केलेला दिसत नाही.

पवना धरणाच्या वेळी राज्य स्वकीयांचे होते, कायदा मात्र तोच होता. विस्थापितांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा महाराष्ट्राने १९७६ मध्ये केला, तोवर पवनेचे पाणी अडून गेले होते. त्यामुळे येथील खातेदाराच्या दृष्टीने सारा भार १८९४ च्या कायद्यातील काही मुदतींवर येऊन पडला. ह्या मुदती सामान्य वाचकास रुक्ष वाटतील, पण खरा विषय तोच आहे. कलम ४ ची अधिसूचना राजपत्रात निघे व तिचा मजकूर गावात जाहीर केला जाई. पुढे कलम ९ ची नोटीस येई. जिल्हाधिकाऱ्याने निवाडा दिल्यावर ती रक्कम अपुरी वाटल्यास कलम १८ खाली न्यायालयाकडे निर्देश मागता येई. त्यासाठी निवाड्याच्या वेळी हजर असणारास सहा आठवडे, गैरहजर असणारास नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, ह्यांपैकी जी मुदत आधी संपेल ती. आणि ह्याहून बारीक मेख कलम ३१ मध्ये होती. मोबदल्याची रक्कम हरकत न राखता उचलली, तर वाढीव रकमेसाठी न्यायालयाकडे जाण्याचा हक्कच जाई. पावतीवर ‘हरकत राखून’ एवढे दोन शब्द लिहिले असले म्हणजे हक्क शाबूत, नसले म्हणजे संपला.

ह्या दोन शब्दांचा विचार केल्याशिवाय पुढे जाववत नाही. जमीन गेलेला मनुष्य रोख रक्कम घेण्यास तालुक्याच्या गावी येतो. ते पैसे त्याने यापूर्वी कधी एकत्र पाहिलेले नसतात. दाखविलेल्या जागी अंगठा किंवा सही करण्याची त्याला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय असते. त्या क्षणी त्याच्या शेजारी वकील नसतो. वकील त्याला भेटतो तो काही महिन्यांनी, शेजाऱ्यास न्यायालयातून अधिक रक्कम मिळाल्याचे कानी आल्यावर, आणि तेव्हा वकिलापाशी सांगण्यासारखे फारसे उरलेले नसते. पत्रकाचे प्रयोजन जर कोठे असेल तर ते येथे, रक्कम उचलण्याच्या आदल्या दिवशी. १८९६ च्या पत्रकांत ‘नियमाप्रमाणे तहकुबी मागा’ हे जे सांगितले होते, त्याच्याशी ह्याची जात एकच आहे.

कायद्याच्या कर्त्यांस ही उणीव पुढे जाणवली. १९८४ च्या दुरुस्तीने कलम ४ ची अधिसूचना राजपत्राखेरीज त्या भागात खप असलेल्या दोन दैनिकांत, आणि त्यांपैकी निदान एक प्रादेशिक भाषेतील असावे, अशी तरतूद केली. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकानंतर शंभरावर वर्षांनी, अशिलाची भाषा कोणती ह्याचा विचार ह्या कायद्याच्या अक्षरांत शिरला. त्याच दुरुस्तीने कलम २८-अ घातले. एकाच अधिसूचनेखाली गेलेल्या जमिनींपैकी एकाने न्यायालयातून वाढीव मोबदला मिळविला, तर जे कलम १८ खाली गेले नव्हते त्यांनाही, त्या न्यायनिर्णयापासून तीन महिन्यांच्या आत, आपल्या मोबदल्याची फेरनिश्चिती मागता येऊ लागली. गरीब आणि अजाण जमीनमालक मुदतीत जागा होत नाही, म्हणून ही सवलत. १ जानेवारी २०१४ पासून नवा भूसंपादन कायदा अमलात आला. त्याने जुन्या कायद्याची जागा घेतली. प्राथमिक अधिसूचना स्थानिक भाषेत प्रसिद्ध करणे त्याने आवश्यक केले. निर्देश मागण्याची मूळ सहा आठवड्यांची मुदत आणि फेरनिश्चितीची तीन महिन्यांची मुदत मात्र त्यातही राहिली. मधल्या काळात, ९ ऑगस्ट २०११ रोजी, पवनेचे पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध बौर येथे द्रुतगती मार्गावर आंदोलन होऊन गोळीबार झाला आणि त्यात तीन शेतकरी मरण पावले. त्या खोऱ्यात जमीन आणि पाणी ह्यांविषयीचा कोणताही सरकारी कागद आजही कोणत्या मनःस्थितीत वाचला जातो, हे ह्यावरून ध्यानी यावे.

मग पवनानगरच्या त्या लहान कचेरीस माहितीपत्र काढण्यास अडचण ती कोणती? एक अडचण वकिली आचारसंहितेची आहे. १९६१ च्या ॲडव्होकेट्स कायद्याखाली भारतीय विधिज्ञ परिषदेने केलेल्या नियमांतील ३६ वा नियम वकिलास काम मिळविण्यासाठी परिपत्रके, जाहिराती, दलाल वा खाजगी संपर्क ह्यांचा आश्रय करण्यास मनाई करतो. नियमामागील भीती खोटी नाही. न्यायालयाच्या दारात अशिलांवर झडप घालणाऱ्या मुंबईतील काही वकिलांचे प्रकरण गेल्या शतकाच्या आठव्या दशकात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते, आणि त्या न्यायालयाने अशा वर्तनाची कठोर निर्भर्त्सना केली. स्वतःच्या अशिलास कायद्यातील बदल कळविणे हे काम मिळविण्यासाठी केलेले आवाहन नव्हे, असा अर्थ लावावयास माझ्या मते हरकत नसावी. वकीलपत्र ज्याने दिले आहे त्यास माहिती देणे हा कर्तव्याचाच भाग होय. ह्या मर्यादेत राहून काढलेल्या पत्रावर आक्षेप घेणे कठीण आहे.

परंतु कलम २८-अ चा आणि नव्या कायद्यातील त्याच्या वारसाचा लाभ कोणासाठी आहे, हे पाहिले म्हणजे ही मर्यादा पुरेशी वाटत नाही. तो लाभ ज्याने कधी वकील केलाच नाही त्याच्यासाठी आहे. शेजाऱ्याच्या दाव्याचा निकाल लागतो, शेजाऱ्याच्या वकिलास तो त्याच दिवशी कळतो, आणि तीन महिन्यांची मुदत सुरू होते. ज्याच्या विरुद्ध ती धावू लागते तो त्या वकिलाचा अशील नसतो. त्याला पत्र पाठवावे, तर ते परिपत्रक ठरण्याचा धोका असतो. शेजाऱ्यास आलेले पत्र तो पारावर मागून वाचील, किंवा कोणाकडून वाचून घेईल, एवढाच मार्ग उरतो. १८७० मध्ये मुख्त्यारपत्रावर सह्या करणाऱ्या सहा हजारांपलीकडचे जे लोक होते, त्यांच्यापर्यंत सभेचा शब्द पोहोचला असेल तर तोही बहुधा असाच.